पन्नास हजार ओळींची देणगी

२००५ सालच्या ऑगस्ट महिन्यात आयबीएम या अमेरिकन कंपनीने एक छोटीशी घोषणा केली. फायरफॉक्स नावाच्या, कोणालाही फुकट मिळणाऱ्या ब्राउझरला ही कंपनी सुमारे ५०,००० ओळींची आज्ञावली देऊ करीत होती. या ओळींमुळे ब्राउझर अधिक वेगवान होणार नव्हता, की अधिक देखणा. ज्यांना पडदा दिसत नाही किंवा ज्यांच्या हाताला माउस धरवत नाही, अशा माणसांना महाजालावरील नव्या धर्तीची पाने वापरता यावीत, एवढाच त्यांचा उपयोग. आपल्याकडच्या वृत्तपत्रांत या बातमीला जागा मिळाल्याचे आम्हांला आठवत नाही. नवी मोटार किंवा नवा भ्रमणध्वनी बाजारात आला की रकानेच्या रकाने भरतात. ब्राउझरच्या पोटात काय घातले याची चौकशी कोण करणार?

पण ती चौकशी करण्याजोगी आहे, आणि ती आपल्या शाळेपर्यंत येऊन पोहोचते. समजा, बीड जिल्ह्यात धारूर तालुक्यातील एका वाडीवर, जन्मतः दृष्टी नसलेली, दहावीत शिकणारी एक मुलगी आहे. दिवाळीच्या सुमारास आईवडील ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात जातात आणि ती आजीपाशी राहते. आजीला अक्षरओळख नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाजालावर, परीक्षेचा निकाल महाजालावर, महाविद्यालयातील प्रवेशाची माहितीही तिथेच. घरात वाचून दाखवणारे माणूस नाही, तेव्हा शाळेतल्या संगणकाने किंवा हातातल्या फोनने तिच्याशी बोलणे एवढाच मार्ग उरतो. तो बोलतो कसा, आणि ते बोलणे त्याला कोणी, कोणत्या कारणाने शिकवले, असे विचारत मागे गेले की आपण त्या ५०,००० ओळींपाशी येतो, आणि त्यांच्याही मागे बरेच दूर जातो. (आमचा मूळ विषय संगणकशास्त्र नव्हे. पण जे साधन आम्ही प्रयोगशाळेत रोज वापरतो, त्याचा इतिहास माहीत नसणे आम्हांला बरे वाटत नाही.)

पडदा वाचायचा म्हणजे काय?

पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीला स्क्रीन रीडर म्हणतात. हे नावच मुळी आयबीएमच्या एका उत्पादनावरून रूढ झाले. ऐंशीच्या दशकात आयबीएममधील संशोधक जिम थॅचर यांनी ते तयार केले. त्यांचे गुरू आणि पुढे सहकारी झालेले जेसी राइट अंध होते. त्यांना संगणक स्वतंत्रपणे वापरता यावा या खटपटीतून हे काम सुरू झाले. त्या काळी ते तुलनेने सोपे होते. डॉसच्या पडद्यावर २५ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरे, म्हणजे एकंदर २,००० घरे. कोणत्या घरात कोणते अक्षर आहे हे संगणकाच्या स्मृतीत ठरलेल्या जागी लिहिलेले असे. ती जागा वाचायची, अक्षरे आवाज काढणाऱ्या यंत्राकडे पाठवायची, की झाले.

मग चित्रमय पडदा आला, खिडक्या आल्या, माउस आला. डोळस लोकांना संगणक सोपा झाला आणि अंध लोकांच्या हातून तो निसटला. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. चित्रमय पडद्यावर ‘क’ हे अक्षर अक्षर म्हणून राहत नाही. ते ठिपक्यांचा एक पुंजका होऊन बसते. संगणकाच्या लेखी त्या पुंजक्यात आणि शेजारच्या फुलाच्या चित्रात काही फरक नसतो. यावर तोड म्हणून स्क्रीन रीडर लिहिणाऱ्यांनी एक युक्ती केली. पडद्यावर अक्षर रंगवण्याचा हुकूम सुटतो त्याच क्षणी तो वाटेत ऐकायचा, आणि कोणते अक्षर कोठे रंगवले गेले याची एक नोंदवही आपल्यापाशी ठेवायची. पडद्याच्या मागे पडद्याची अक्षरी प्रतच म्हणा ना. आयबीएमचे रिच श्वेर्ट्फेगर यांनी या युक्तीचे वर्णन डिसेंबर १९९१ च्या ‘बाइट’ मासिकात केले. पुढे फायरफॉक्सच्या गोष्टीत हेच गृहस्थ पुन्हा भेटणार आहेत.

युक्ती चतुर होती, पण ठिसूळही. आधी अर्थ चित्रात बुडवायचा आणि मग तो गाळून काढायचा, असा तो उलटा व्यवहार होता. अंबाजोगाईच्या वाचकांना दासोपंतांची पासोडी ठाऊक असेल. लांबच लांब कापडावर लिहिलेला तो ग्रंथ. तिथे मजकूर आणि कापड वेगळे करता येत नाही. पासोडी वाचायची तर पासोडीपाशी जावे लागते आणि ती डोळ्यांनीच पाहावी लागते. संगणकात मात्र मजकूर कापडावर उतरण्याआधी कोठेतरी निव्वळ मजकूर म्हणून असतो. मग तो तिथूनच का उचलू नये?

पुण्याचा एक विद्यार्थी

हा प्रश्न ज्यांनी सर्वांत ठामपणे विचारला त्यांतील एक टी. व्ही. रामन. त्यांचा जन्म आणि शिक्षण पुण्याचे. काचबिंदूमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. पुढचे शिक्षण त्यांनी भावाने आणि इतरांनी वाचून दाखवलेली पुस्तके ऐकत केले. पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी घेतली आणि नंतर मुंबईच्या आयआयटीतून पदव्युत्तर शिक्षण घेतले. तेथून ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले. १९९४ साली पूर्ण झालेल्या त्यांच्या प्रबंधाचा विषय होता गणिती मजकूर ऐकू येईल असा कसा करायचा. शिक्षकांना यातली अडचण लगेच कळेल. ‘अ अधिक ब भागिले क’ असे नुसते वाचले तर भागाकार फक्त ब चा की दोघांच्या बेरजेचा? कागदावर एक आडवी रेघ हा घोळ मिटवते, कानाला ती रेघ दिसत नाही. रामन यांच्या आज्ञावलीने समीकरणाचे चित्र वाचले नाही. समीकरणाची मूळ रचना घेतली आणि तीतून आवाजाचे चढउतार, थांबे, स्वर बसवले. घातांक वरच्या पट्टीत, पादांक खालच्या. तिचे नाव ‘ॲस्टर’. हेच नाव त्यांच्या वाटाड्या कुत्रीचेही होते.

१९९५ साली त्यांनी ‘ईमॅक्सस्पीक’ ही आज्ञावली खुली करून टाकली. ज्याला हवी त्याने घ्यावी, वापरावी, बदलावी. तिचे तत्त्व तेच होते: पडदा वाचू नका, पडद्यामागच्या आशयाला बोलते करा. पुढे ते अडोबी, आयबीएम आणि २००५ पासून गुगल अशा कंपन्यांत होते. मुक्तस्रोत कामात कंपन्या नेमके काय देतात, याचे आमच्या मते हे एक चांगले उत्तर आहे: ज्याला प्रश्न स्वतःच्या अंगाने ठाऊक आहे अशा माणसाला पगार आणि वेळ. ओळी त्यातून येतात.

फुकट दिलेला ब्राउझर

महाजालाची सुरुवात अंधांच्या दृष्टीने शुभशकुनीच होती. महाजालाचे पान मुळात साध्या मजकुराचे असते. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा दुवा, अशा खुणा त्यात लिहिलेल्या असतात. म्हणजे आशय आणि त्याची रचना आयतीच हाती. आयबीएमच्या टोकियो येथील संशोधिका चिएको असाकावा, ज्या स्वतः किशोरवयात दृष्टी गमावून बसल्या होत्या, त्यांनी १९९७ साली जपानमध्ये ‘होम पेज रीडर’ हा बोलका ब्राउझर आणला. त्याच साली महाजालाची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संघटनेने सुगम्यतेसाठी वेगळा उपक्रम सुरू केला आणि १९९९ च्या मे महिन्यात संकेतस्थळे कशी असावीत याची पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

याच सुमारास नेटस्केप ही कंपनी मायक्रोसॉफ्टशी झुंजता झुंजता टेकीला आली होती. जानेवारी १९९८ मध्ये तिने आपल्या ब्राउझरची मूळ आज्ञावली सर्वांना खुली करण्याचे जाहीर केले आणि ३१ मार्चला ती खुली केली. हाच मोझिला प्रकल्प. त्यातून फायरफॉक्स निघाला. नोव्हेंबर २००४ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. औदार्यापेक्षा निरुपायाने घेतलेला हा निर्णय होता, तरी त्याचे फळ मोठे निघाले. आजवर ब्राउझरमध्ये अंधांची सोय करायची की नाही हे त्या त्या कंपनीच्या मर्जीवर होते. आता बाहेरच्या कोणालाही आत शिरून ती सोय करता येणार होती. पण करता येणे आणि कोणीतरी करणे यांत अंतर असते. हौशी प्रोग्रामर मंडळी स्वतःला टोचणारा काटा आधी काढतात, आणि अंधत्वाचा काटा त्यांतील फार थोड्यांना टोचत होता. नेटस्केपमध्ये हे काम ॲरन लेव्हेन्थल यांनी हाती घेतले. नेटस्केप मावळल्यावर ते आयबीएममध्ये गेले आणि तेथूनही फायरफॉक्सचेच काम करीत राहिले. मालक बदलला, काम तेच राहिले. आज्ञावली खुली नसती तर हे अशक्य होते.

आता आयबीएमला यात रस का? येथे आमच्या वाचकांनी भाबडेपणा सोडावा, तसाच कुत्सितपणाही. अमेरिकेत पुनर्वसन कायद्याचे कलम ५०८ १९९८ साली सुधारण्यात आले आणि जून २००१ पासून केंद्र सरकारच्या खात्यांना अपंग कर्मचाऱ्यांना व नागरिकांना वापरता येईल अशीच संगणकीय सामग्री घेणे भाग पडले. अमेरिकन सरकार हे मोठे गिऱ्हाईक. त्याला माल विकायचा तर सुगम्यता हवी. आयबीएमला आपल्या कार्यालयीन आज्ञावल्या ब्राउझरमध्ये चालवायच्या होत्या, आणि त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा नसलेला, अंधांनाही वापरता येणारा ब्राउझर तिला पाहिजे होता. म्हणजे कायदा, धंदा आणि थॅचर-राइट यांच्या काळापासून त्या संस्थेत मुरलेली जाण, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. यांतील एक जरी वगळली असती तरी त्या ५०,००० ओळी आल्या असत्या, असे आम्हांला वाटत नाही.

रंगवलेली चौकट

त्या ओळींनी केले तरी काय? २००० नंतर महाजालाची पाने हलती-बोलती होऊ लागली. पान पुन्हा न मागवता त्यातला भाग बदलायचा, यादी उलगडायची, सरकपट्टी ओढायची. मूळ खुणांमध्ये अशा वस्तूंना नावेच नव्हती. मग पान तयार करणारे लोक साधी कोरी चौकट घेत, तिला रंग देत, आणि टिचकी मारली की आत बरोबरची खूण दिसेल अशी व्यवस्था करीत. डोळ्याला ती निवडीची चौकट दिसे. स्क्रीन रीडरला ती दिसे ती केवळ एक निनावी डबी. शिवाय कळफलकावरील टॅबची कळ दाबत गेले तर त्या चौकटीपर्यंत पोहोचताच येत नसे, कारण कळफलक फक्त दुवे आणि अर्जातल्या रकान्यांवरच थांबायचा.

आयबीएमच्या आज्ञावलीने दोन गोष्टी शक्य केल्या. पहिली, पानावरील कोणत्याही वस्तूवर कळफलकाने पोहोचता येण्याची सोय. दुसरी, प्रत्येक वस्तूला तीन प्रश्नांची उत्तरे सोबत बाळगू देणे: तू कोण, तुझे नाव काय, आणि तुझी आत्ताची स्थिती काय. ‘मी निवडीची चौकट, माझे नाव वसतिगृह हवे, मी सध्या निवडलेली’. ही उत्तरे ब्राउझर एका झाडाच्या आकृतीत मांडतो, म्हणजे पानाच्या पोटात विभाग, विभागात अर्ज, अर्जात चौकटी. स्क्रीन रीडर हे झाड वाचतो. पडद्यावरचे ठिपके गाळण्याची गरज उरत नाही. रामन जे म्हणत होते तेच हे, फक्त आता ते सर्वांच्या ब्राउझरमध्ये येत होते. नोव्हेंबर २००५ मध्ये आलेल्या फायरफॉक्स १.५ मध्ये ही सोय होती. रामन आणि त्यांचे गुगलमधील सहकारी चार्ल्स चेन यांनी २००७ साली याच खुणा वापरून आधीच अस्तित्वात असलेली पाने बोलती करण्याची एक खुली आज्ञावली तयार केली. या तीन उत्तरांची पद्धत पुढे ‘एरिया’ या नावाने डब्ल्यू३सीकडे गेली, तिच्या समितीचे नेतृत्व श्वेर्ट्फेगर यांनी केले, आणि मार्च २०१४ मध्ये ती अधिकृत मानक झाली. देणगीनंतर जवळजवळ नऊ वर्षांनी! मानकांचा कारभार असा संथच चालतो. पण त्याचमुळे आज क्रोम, सफारी, एज आणि फायरफॉक्स हे चारही ब्राउझर या खुणा ओळखतात.

त्याच २००५ सालात एक धडा अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मिळाला. तेथील सरकारने कार्यालयीन कागदपत्रांसाठी खुला नमुना स्वीकारण्याचे ठरवले. खुल्या आज्ञावलीचे पुरस्कर्ते आनंदले; अपंगांच्या संघटनांनी मात्र विरोध केला. त्यांचे म्हणणे रास्त होते: खुल्या कार्यालयीन आज्ञावल्या आमच्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाहीत, मग आमच्या नोकऱ्यांचे काय? खुले असणे आणि सर्वांना खुले असणे यांतला फरक त्या वादात उघडा पडला. त्यानंतर डिसेंबर २००६ मध्ये आयबीएमने ब्राउझर व कार्यालयीन आज्ञावली यांनी स्क्रीन रीडरशी कसे बोलावे याची ‘आयॲक्सेसिबल२’ ही भाषा एका स्वतंत्र संस्थेच्या हवाली केली.

देणारे जातात तेव्हा

आयबीएम एकटी नव्हती. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने लिनक्सवरील ग्नोम या पडद्यासाठी सुगम्यतेचा पाया घातला; तिच्या बीजिंग येथील अभियंत्यांनी फायरफॉक्सला त्या पायाशी जोडले. सनच्याच छत्राखाली, मार्क मल्केही या अंध अभियंत्याने सुरुवात केलेला ‘ऑर्का’ हा खुला स्क्रीन रीडर वाढला. (बाजारातल्या सर्वांत प्रसिद्ध, विकत मिळणाऱ्या स्क्रीन रीडरचे नाव ‘जॉज’, म्हणजे शार्क माशाच्या चित्रपटाची आठवण. ऑर्का हा शार्कलाही भारी पडणारा देवमासा. प्रोग्रामर मंडळींचा विनोद असा असतो.)

जानेवारी २०१० मध्ये ओरॅकल कंपनीने सन विकत घेतली आणि काही आठवड्यांतच सुगम्यतेच्या गटातील प्रमुख अभियंते नोकरीबाहेर पडले. जगभरातील अंध लिनक्सवापरकर्ते हवालदिल झाले. हे स्वाभाविक होते, कारण ब्राउझर दर काही आठवड्यांनी बदलतो आणि त्याबरोबर स्क्रीन रीडर बदलला नाही तर तो मुका होतो. विहीर एकदा खणून भागत नाही, दरवर्षी गाळ काढावा लागतो, हे बीड जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. ऑर्का वाचला. जोनमेरी डिग्ज यांनी, ज्या मुळात सनच्या नोकरीत नव्हत्या, त्याची धुरा उचलली आणि पुढे इगालिया या स्पेनमधील छोट्या सहकारी कंपनीने त्यांना आधार दिला. आज्ञावली खुली होती म्हणून ती कंपनीबरोबर गाडली गेली नाही, हे खरे. पण ती उचलणारे माणूस मिळाले ही नशिबाची गोष्ट होती, हेही तितकेच खरे. खुलेपणाचे गोडवे गाणारे लेख हा दुसरा भाग सहसा सांगत नाहीत.

आपल्या धारूरच्या मुलीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची घडामोड झाली ती ऑस्ट्रेलियात. जॉजची किंमत तेव्हा नऊशे ते अकराशे डॉलर होती. जिल्हा परिषदेच्या शाळेने ती द्यायची कोठून? २००६ साली मायकेल करन या अंध तरुणाने विंडोजसाठी फुकट आणि खुला स्क्रीन रीडर लिहायला घेतला. जेम्स टेह हे त्यांचे अंध मित्र सोबत आले. त्याचे नाव एनव्हीडीए. मोझिला फाउंडेशनने सुरुवातीच्या काळात त्यांना पैसा पुरवला. मोझिलाकडे हा पैसा मुख्यतः गुगलकडून येत असे, कारण फायरफॉक्समधील शोधाचा रकाना गुगलकडे नेत असे. म्हणजे कोणीतरी फायरफॉक्समध्ये काही शोधले की त्याचा एक अगदी बारीक अंश एनव्हीडीएच्या कामाला लागत होता. आज पन्नासहून अधिक भाषांत त्याचे रूपांतर आहे आणि तो पेनड्राइव्हवरूनही चालतो.

मस्टर वर्गात की कचेरीत?

यानंतरचा एक प्रसंग तंत्राच्या दृष्टीने फार बोधक आहे, म्हणून थोडा विस्ताराने सांगतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आला. सुरक्षितता आणि वेग यांसाठी ब्राउझरचे काम आता वेगवेगळ्या प्रक्रियांमध्ये वाटले होते. पाने एका प्रक्रियेत, ब्राउझरचा मुख्य कारभार दुसरीत. डोळस लोकांसाठी तो पूर्वीपेक्षा चपळ झाला. विंडोजवरील स्क्रीन रीडरवाल्यांसाठी मात्र तो इतका मंदावला की मोझिलाच्याच सुगम्यता गटातील मंडळींनी त्यांना काही काळ जुनीच आवृत्ती वापरण्याचा सल्ला दिला.

असे का व्हावे? कल्पना करा की शाळेत हजेरीचे मस्टर वर्गावर्गांत आहेत आणि गटशिक्षणाधिकारी कचेरीत बसून एकेका मुलाविषयी विचारत आहेत. प्रत्येक प्रश्नाला शिपाई वर्गापर्यंत जातो, उत्तर घेऊन येतो, पुढच्या प्रश्नाला पुन्हा जातो. प्रश्न दोन असतील तर ठीक. स्क्रीन रीडर एका मोठ्या पानाविषयी हजारो प्रश्न विचारतो. प्रत्येक प्रश्न एका प्रक्रियेतून दुसरीत जायचा आणि उत्तर परत यायचे. वेळ सगळा शिपायाच्या फेऱ्यांत जायचा.

उपाय उघड आहे: सर्व मस्टरांची एक प्रत कचेरीतच ठेवा, आणि वर्गात काही बदलले तर तेवढेच कळवा. उपाय सांगायला सोपा, करायला वर्षे लागली, कारण त्यासाठी फायरफॉक्सचे सुगम्यतेचे इंजिनच नव्याने बांधावे लागले. या कामात पुढाकार होता जेम्स टेह यांचा. एनव्हीडीएचे हे सहनिर्माते २०१७ साली मोझिलात आले होते. स्क्रीन रीडर काय विचारतो हे ज्याने तो लिहिला त्याच्याहून चांगले कोणाला ठाऊक असणार? मध्यंतरी, ऑगस्ट २०२० मध्ये, मोझिलाने सुमारे २५० जणांना कमी केले. तरीही काम पुढे गेले आणि मे २०२३ मध्ये फायरफॉक्स ११३ मध्ये नवे इंजिन सर्वांना मिळाले.

दरम्यान बाजार दुसरीकडे सरकला होता. २००८ साली आलेल्या क्रोमचा पाया, क्रोमियम, हाही खुला. पहिली काही वर्षे स्क्रीन रीडरच्या दृष्टीने तो कच्चा होता. पुढे गुगलने त्यात बरेच काम केले, आणि जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आपला एज ब्राउझर त्याच पायावर आणून सुगम्यतेची पुष्कळशी आज्ञावली क्रोमियमला दिली. एकेकाळी नेटस्केपला टेकीला आणणारी कंपनी! फोनवर तर रामन आणि चेन यांच्याच कामातून २००९ साली अँड्रॉइडचा टॉकबॅक आला, आणि ग्रामीण भागातील आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांची गाठ याच्याशीच पडते.

मराठीचे काय?

इतके सगळे झाले तरी झाडात मराठी मजकूर मराठी म्हणून नसेल तर काय उपयोग? २००० च्या आसपासची मराठी संकेतस्थळे आठवा. प्रत्येकाचा टंक वेगळा. पानावर ‘शाळा’ दिसे, पण आत साठवलेली असत रोमन अक्षरे व चिन्हे. त्यांवर मराठी अक्षरांची चित्रे चढवलेली. डोळ्याला फरक कळत नसे. स्क्रीन रीडर मात्र आतले वाचून अगम्य काहीतरी बरळे. ही पुन्हा पासोडीचीच गत, अर्थ कापडात अडकलेला. युनिकोड आल्यावर ‘श’ला स्वतःचा क्रमांक मिळाला आणि ही अडचण तत्त्वतः सुटली. येथेही कंपनीची देणगी कामी आली: रेड हॅट या कंपनीने लोहित हे भारतीय लिप्यांचे टंक खुले ठेवले आणि तिच्या पुण्यातील कचेरीत त्यांची देखभाल व मराठी भाषांतराचे काम होत असे. फायरफॉक्सची मराठी आवृत्तीही निघाली, आणि जुन्या टंकांतील पाने जागच्या जागी युनिकोडमध्ये बदलणारी ‘पद्मा’ नावाची जोड-आज्ञावलीही तिच्यासाठी कोणीतरी लिहिली.

तरी दोन अडचणी शिल्लक आहेत. एक, सरकारी परिपत्रके अजून पुष्कळदा छायाचित्राच्या रूपात किंवा जुन्या टंकात येतात. दोन, उच्चार. देवनागरी दिसली की यंत्राला हिंदी वाटण्याचा धोका असतो. पानाच्या सुरुवातीला ‘या पानाची भाषा मराठी’ अशी खूण असेल तर स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतो. ती नसेल तर ‘चार’ आणि ‘चारा’ या दोन्ही शब्दांतला च तो एकसारखा उच्चारतो. आपल्याकडे चारा छावणीची सूचना ऐकणाऱ्याला हा फरक कानाला खुपतो. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या खुल्या आवाजात मराठी आहे, गुगलच्या आवाजांतही आहे. पहिला यांत्रिक आहे पण भराभर वाचतो, दुसरा गोड आहे. रोज तासन्‌तास ऐकणारे पुष्कळ अंध लोक वेगासाठी यांत्रिक आवाजच पसंत करतात, याचे डोळस माणसाला नवल वाटते.

कायद्याने आपल्याकडेही पाऊल टाकले आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची तरतूद आहे, आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. अमेरिकेत कायद्याने गिऱ्हाइकाला बांधले आणि कंपन्या वळल्या, हे आपण पाहिले. आपल्याकडे गिऱ्हाईक, म्हणजे सरकारी खाती आणि विद्यापीठे, संकेतस्थळे बनवून घेताना ही अट निविदेत घालतात का आणि काम ताब्यात घेताना ती तपासतात का, यावर पुढचे अवलंबून आहे.

तपासणे अवघड नाही, आणि नववी-दहावीच्या मुलांना करता येण्याजोगे आहे. शाळेच्या संगणकाचा माउस काढून ठेवावा. ज्या संकेतस्थळावर आपले विद्यार्थी अर्ज भरतात ते उघडावे आणि टॅबची कळ दाबत जावे. प्रत्येक वेळी आपण कोठे आहोत हे पडद्यावर कळते का? किती वेळा दाबल्यावर पहिला रकाना येतो? असे एखादे बटन आहे का, की जे दिसते पण कळफलकाने कधीच सापडत नाही? मग एनव्हीडीए उतरवून घ्यावा, पडदा बंद करावा आणि तोच अर्ज ऐकत भरण्याचा प्रयत्न करावा. निनावी बटने, वर्णन नसलेली चित्रे, चित्रातली अक्षरे ओळखायला लावणारे कोडे, या सर्वांची मुलांकडून यादी करून घ्यावी. संकेतस्थळाचा दोष असेल तर ती यादी संबंधित खात्याला पाठवावी. ब्राउझरचा असेल, तर फायरफॉक्स आणि क्रोमियम या दोन्ही प्रकल्पांच्या दोषनोंदवह्या सर्वांना खुल्या आहेत. इंग्रजीत चार वाक्ये लिहिता आली की पुरे. दोष कोणत्या पानावर, कोणती कळ दाबल्यावर, कोणत्या आवृत्तीत दिसला एवढे नेमके लिहावे. प्रयोगवहीत निरीक्षण जसे लिहितो तसे.